कौदीचं तोंड

नळदुर्गच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, कमरेच्या पिशवीतून कात्री काढली आणि माझ्या नव्याकोऱ्या ओढणीचं टोक कचकन कापून घेतलं. मोरपंखी ओढणी होती, विमानात बसायचं म्हणून मुद्दाम घेतलेली. सगळ्या स्टँडसमोर मी तिच्यावर ओरडले. धाकटा भाऊ बसू माझी बॅग चढवत होता, तो हसायला लागला. अव्वानं चिंधीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, "जा आता. कौदीचं तोंड उघडं ठिवते मी. तू आलीस की मिटवू." जळकोट मागं पडेपर्यंत मी त्या कातरलेल्या ओढणीकडं बघून चिडत होते. रडू उमरग्यानंतर आलं.

तुमच्यात गोधडी म्हणत असतील तर गोधडी म्हणा, वाकळ म्हणत असतील तर वाकळ. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि कौदी ती कौदीच. वडील, आण्णा, ट्रकवर ड्रायव्हर होते. अव्वाचं जग तुळजापूर आणि सोलापूर एवढ्यात संपायचं. तिनं त्यांना एकच अट घातली होती, जिथं जाल तिथलं कापड आणा. मग विजयवाड्याचा लाल पंचा यायचा, सुरतेच्या साडीची कतरण यायची, एकदा पार लुधियानाहून लोकरीचा तुकडा आला. अव्वाला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण कौदीवर बोट ठेवून ती देश सांगायची. तिच्या नकाशात सुरत विजयवाड्याला खेटून होती आणि लुधियाना पायाशी, कारण लोकर टोचायची.

आण्णांनी गाडी सुरू केली की इकडं अव्वा कौदीचा एक कोपरा उसवायची. तेच कौदीचं तोंड. घरातलं माणूस रस्त्यावर असलं की ते उघडं राहायचं. आण्णा परत आले की आणलेलं ठिगळ लागायचं, तोंडात कडक भाकरीचा तुकडा जायचा आणि कोपरा शिवला जायचा. उपाशी कौदी अंगावर घ्यायची नाही, असा तिचा दंडक. त्या तुकड्यापायी पावसाळ्यात मुंग्या व्हायच्या. आण्णा कुरकुरायचे, "ह्या कौदीत झोपायचं का मुंग्यांच्या पंगतीत बसायचं?" पण तेही निघताना आपल्या जुन्या शर्टाची एक पट्टी कौदीसाठी न मागता काढून द्यायचे.

एका खेपेला आण्णा सूर्यापेठेजवळच्या ढाब्यावर जेवून बाजेवर टेकले आणि उठलेच नाहीत. ढाब्यावरच्याच पांढऱ्या चादरीत गुंडाळून त्यांना आणलं. माती देऊन आम्ही परत आलो, तर अव्वानं ती चादर धुवून वाळत घातलेली. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून कुजबुजल्या, मढ्याचं कापड घरात ठेवू नये म्हणाल्या. अव्वानं कुणाचं ऐकलं नाही. "आले की ते परत," एवढंच म्हणाली. चादरीचा तुकडा लावला, भाकरी घातली आणि तोंड शिवलं. शिवताना तिचा एक टाका वाकडा गेला नाही. मला तिचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आलेल्या माणसाला आलेलं म्हणायची तिची ती पद्धत होती.

पुढं माझं सोलापुरात नर्सिंग झालं आणि मी इंग्लंडला, लीड्सला आले. माझ्यासाठी तिनं तो कोपरा पुन्हा उसवला. दोन वर्षांत परत येते असं मी सांगून निघाले होते. माझ्यासारखे जे निघालेत त्या सगळ्यांनी हेच सांगितलेलं असतं. गेल्यावर कळतं की दोन वर्षांत नुसतं थंडीशी जुळतं. मग शिफ्ट, रोस्टर, लग्न, घराचं मॉर्गेज. सुट्टीला नळदुर्गला जायची तेव्हा मी कापड मात्र न चुकता न्यायची. वॉर्डातल्या जुन्या युनिफॉर्मची निळी बाही, चॅरिटी शॉपमधला फुलांचा पडदा, चौकडीचा मफलर. अव्वा मफलर गालाला लावून बघायची आणि म्हणायची, "लुधियानापेक्षा बरं हाय." ठिगळ लागायचं. तोंड मात्र ती शिवायची नाही. तीन आठवड्यांच्या येण्याला ती येणं मानायची नाही. कौदी कधी पुरी करणार म्हणून शेजारणीनं टोचलं की म्हणायची, "माझी पोरगी वाटंवर हाय अजून."

हे वाक्य मी लीड्सला घेऊन यायची. पगारवाढ मिळाली नाही, कुणी माझं नाव मुद्दाम वाकडं उच्चारलं, की मला तो उसवलेला कोपरा आठवायचा. नळदुर्गच्या त्या दोन खोल्यांत माझ्या नावानं एक जागा उघडी आहे, हे मला पुरायचं.

मग पासपोर्ट बदलला, मी इंग्लंडची नागरिक झाले. फोनवर मी तिला नवा पासपोर्ट दाखवला. तिनं विचारलं, "म्हंजी आता तुला तिथनं कुणी घालवणार न्हाय?"

"नाही अव्वा."

"मग बरं झालं."

त्यानंतर गेले तेव्हा हायवे चौपदरी झाला होता आणि आमचं घर रस्त्यापेक्षा खाली गेलं होतं. पेटीतून मी कौदी काढली. बोटं सवयीनं कोपऱ्याकडं गेली. चारही कोपरे घट्ट. एका कोपऱ्यात कापडाखाली भाकरीचा तुकडा हाताला टोचला.

"तू मिटवलंस?"

"व्हय."

"मी कुठं आले कायमची?"

"आली न्हाईस गं. पोचलीस." तिनं कौदी माझ्या हातातनं घेऊन मांडीवर पसरली. "तोंड रस्त्यावरच्या माणसासाठी असतंय. तुझं घर हाय, माणूस हाय, सरकार घालवत न्हाय. तू कुठं रस्त्यावर हायस आता?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या खाल्ल्या असत्या. तिच्या आवाजात काटा नव्हता, तेच लागलं. मला सांगायचं होतं की लीड्सच्या घरात पलंगाखाली माझी मोठी बॅग अजून अर्धी भरलेली असते. की तिथं मला कुणी कुठली म्हणून विचारलं तर मी दर वेळी वेगळं सांगते. पण बसू आदल्या दिवशीच बोलला होता, "अक्का, अव्वा हल्ली गाढ झोपती. आधी फोन वाजला की दचकून बसायची." ती झोप मोडायचं धाडस मला झालं नाही. निघताना तिनं कौदी माझ्या बॅगेत कोंबली. "हितं कुणाला पांघरायची? बसूला दुलई लागती." या वेळी स्टँडवर तिनं कात्री आणली नव्हती. मी ओढणी पुढं करून उभी होते.

या हिवाळ्यात अव्वा गेली. मला पोहोचता आलं नाही. आमच्यात बसवून माती देतात. बसूनं फोन धरला होता, त्यात मला तिचा खांदा दिसला आणि तिथं रेंज गेली. नंतर त्यानं तिच्या हिरव्या इरकल लुगड्याचा तुकडा पाकिटातून धाडला. रविवारी हीटिंग लावून मी कार्पेटवर बसले आणि तो कोपरा उसवला. आतल्या भाकरीचं पीठ झालं होतं, ते सगळं मांडीवर सांडलं. तिनं थापलेली, माझ्याकडं उरलेली शेवटची भाकरी ती. मी ते पीठ बोटानं गोळा करत बसले. नवऱ्यानं काय शोधतेस म्हणून विचारलं तेव्हा मला रडू आवरेना.

बसू, तू विचारलंस, कौदी पुरी झाली का. नाही झाली. लुगड्याचा तुकडा लावला. ज्वारीचं पीठ इथं मिळतं, त्याची भाकरी थापून कडक करून ठेवली, सुईत दोरा ओवला. पण तोंड शिवायचं तर माणूस पोचलेलं लागतं. अव्वा पोचली का, मला माहीत नाही. मी पोचले नाही, एवढं मात्र तिला सांगायचं राहिलं.