मुलीचे मूळ दाखले

कुवेतमधल्या फहाहीलच्या बाजारात टायपिंगचं एक दुकान होतं. तिथं दुसऱ्या टेबलावर बसणाऱ्या चाचांनी माझ्या मुलीचं शिक्षण वाचवलं. हे आधी लिहून टाकतो. कारण सांगायला बसलो की मी माझ्याच चुकांत गुरफटतो, आणि ज्यानं उपकार केले तो माणूस गोष्टीत मागं राहतो. तसं व्हायला नको.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे मुसलमान, मी रत्नागिरीच्या डोंगराकडचा. तिकडे असतो तर आमची गाठ पडली नसती. इकडे मात्र पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, "कोकणातला काय रे?" आणि माझा अर्ज रांगेत वर घेतला. कुवेतमध्ये कुठलंही सरकारी काम टाइप केलेल्या कागदाशिवाय होत नाही, म्हणून अशी दुकानं गल्लोगल्ली. चाचा अरबी आणि इंग्रजी दोन्ही टाइप करायचे. मला ते फिटर म्हणत. नाव त्यांना ठाऊक होतं, पण हाक फिटर अशीच.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. आठवीसाठी तालुक्याला राहावं लागलं असतं, तेवढी ऐपत नव्हती. मुंबईत मामाच्या हाताखाली पाइप जोडायला शिकलो आणि इथलं युद्ध संपल्यावर, जळलेलं-मोडलेलं पुन्हा उभं करायचं काम निघालं तेव्हा, एका ठेकेदाराच्या व्हिसावर आलो. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आमची टोळी दुरुस्तीला असे. पाइपचं ड्रॉइंग मला दाखवा, कुठला बोल्ट कुठं बसणार ते सांगतो. पण इंग्रजी मजकुराचा कागद समोर आला की एक ओळही लागत नाही. अजूनही.

एक रीत इथं सांगायला हवी. आम्ही आलो त्या दिवशी बसमधून उतरायच्या आधीच कंपनीच्या कागदपत्रांचं बघणाऱ्या माणसानं, त्याला इथं मंदूब म्हणतात, सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले. पासपोर्ट रजेवर जाताना हातात यायचा आणि परत आलो की पुन्हा त्याच्या कपाटात. आमच्यात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. उलट पासपोर्ट कंपनीत आहे म्हणजे नोकरी पक्की, असंच आम्ही धरून चाललेलो. कुणी मागायला गेलाच तर बाकीचे चिडवत, "काय, पळतोयस काय?" इतकी वर्षं असं काढल्यावर माणसाची समजूतच तशी होते. माझी झाली.

मुलगी बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली त्या वर्षाची ही गोष्ट. तिला डी. फार्म करायचं होतं, म्हणजे औषधं बनवण्याचं आणि देण्याचं दोन वर्षांचं शिक्षण. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. सरकारी यादीत नाव लागेल की नाही याची खात्री नव्हती, आणि मी इतक्या लांब. मला नुसती धाकधूक.

अशात एका शुक्रवारी फहाहीलच्या एका हॉटेलात, वरच्या मजल्यावर, गावाकडच्या एका खासगी कॉलेजचा माणूस येणार असल्याची बातमी आमच्या कामगारांच्या कॅम्पात आली. आम्ही सात-आठ जण गेलो. त्या उन्हाळ्यात तो कोट घालून उभा होता. चकचकीत पुस्तिका वाटल्या, त्यात इमारत, प्रयोगशाळा, पांढरा कोट घातलेली हसरी मुलगी. तो म्हणाला, आखातात राबणाऱ्या बापांच्या मुलांसाठी आमची खास शिष्यवृत्ती आहे, निम्मी फी माफ. चहा-समोसे फुकट होते. माझ्या शेजारचा वेल्डर कानात म्हणाला, "समोसा खाऊ नको. खाल्लास तर सही करायला लागेल."

मी समोसाही खाल्ला आणि सहीही केली. चार पानांचा इंग्रजी कागद होता. एकही ओळ मला वाचता आली नाही, आणि वाचून दाखवा म्हणायची लाज वाटली. कोटवाला म्हणाला, "जागा मोजक्याच आहेत. मुलीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजात जमा करा आणि थोडी आगाऊ रक्कम भरा. जागा तुमची."

घरी फोन नव्हता. दर शुक्रवारी सकाळी अकराला बायको आणि मुलगी वाण्याच्या दुकानात येऊन बसत आणि मी कार्ड घालून फोन करी. बायकोला मी दाखले द्यायला सांगितलं.

ती म्हणाली, "अहो, मूळ कशाला? झेरॉक्स देऊ या की."

"जागा राखायची तर मूळच द्यावे लागतात."

"आणि परत नाही दिले तर?"

मी चिडलो. "मी इथं पासपोर्ट देऊन बसलोय ना इतकी वर्षं? काय झालं मला?"

सोमवारी दोघींनी जाऊन दाखले जमा केले आणि आगाऊ रक्कम भरली.

तीन आठवड्यांनी फोनवर मुलगी आली. एरवी आईच्या मागं उभी राहून दोन शब्द बोलणारी, त्या दिवशी तिनं रिसीव्हरच घेतला. "बाबा, मी कॉलेज बघून आले. प्रयोगशाळेला कुलूप आहे. खिडकीतून बघितलं, आत नुसती बाकं. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी भेटली. ती म्हणाली, आम्हाला परीक्षेला दुसऱ्याच कॉलेजच्या नावानं बसवतात. मान्यता आहे का विचारलं तर ऑफिसात हसले."

मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "आणि बाबा, सरकारी यादीच्या दुसऱ्या फेरीत माझं नाव लागलंय. जिल्ह्याच्या कॉलेजात. पुढच्या शुक्रवारच्या आत मूळ दाखले घेऊन हजर व्हायचंय. नाहीतर जागा पुढच्याला जाणार."

"मग दाखले आणा परत."

"गेलो होतो. म्हणतात दोन्ही वर्षांची फी भरा, मग न्या."

कार्ड संपलं आणि फोन तुटला. मी तसाच उन्हात उभा राहिलो. सात दिवस होते हाताशी. मुलीनं सगळं बरोबर केलं होतं आणि बापानं तिचे दाखले नेऊन दुसऱ्याच्या कपाटात घातले होते.

मला एकच सुचलं, रजा टाकून घरी जायचं. तसाच चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी मशीनमध्ये कागद चढवला आणि अर्जाचा वरचा मजकूर टाइप केला.

"कारण काय लिहू? घरी कोण आजारी हाय?"

"कुणी नाही."

"मग कंपनी रजा देणार नाय. कुणाला तरी आजारी पाड."

मला हसू आलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. चाचांनी मशीनवरचे हात काढून घेतले.

"कागद कुठाय?"

"कुठला?"

"ज्याच्यावर सही ठोकलीस तो."

खिशात घडी करून ठेवला होता. चाचांनी चारही पानं वाचली, बोट फिरवत, सावकाश. मग म्हणाले, "फिटर, ही शिष्यवृत्ती नाय. कर्ज हाय हे. पोरीनं मध्येच कॉलेज सोडलं तर माफ केलेली फी व्याजासकट परत मागणार."

"पण तो तर म्हणाला की..."

"तो म्हणाला ते ह्यात कुठं लिहिलंय? दाखव मला. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा आत काय हाय ते लिहिलेलं असतं. पोरीची दोन वर्षं घेतोयस तर निदान पुड्याएवढं तरी वाचून घ्यायचं. आणि मूळ दाखले दिलेस? झेरॉक्सची मशीन मेली होती काय?"

मी पासपोर्टची गोष्ट बोललो. आपण देतोच ना कंपनीला, तसंच वाटलं मला, असं. चाचांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "जे आपल्या गळ्यात बांधलंय तेच पोरीच्या गळ्यात बांधलंस." रागावून नाही म्हणाले. त्यामुळे जास्त लागलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. कुवेतला यायच्या आधी ते अकरा वर्षं तिकडच्या एका कॉलेजात फीच्या खिडकीवर कारकून होते. "मी पण लोकांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलंय. साहेब सांगायचे आणि मी सांगायचो. कितीतरी बाप होते रे, तुझ्यासारखेच, टोपी हातात धरून. म्हणून सांगतो, खिडकीतला माणूस रडणाऱ्या बापाला भीत नाय. ओरडणाऱ्याला तर मुळीच नाय. लेखी प्रश्नाला भितो. त्यावर आवक नंबर पडला की उत्तर द्यावं लागतं."

"मग लिहा माझ्या नावानं."

"तुझ्या नावानं कशाला? विद्यार्थी तू हाय काय? ज्याला शिकायचंय त्याला विचारायचा हक्क. पत्र पोरीच्या नावानं, पोरीच्या अक्षरात."

मशीन मराठी नव्हती, म्हणून त्यांनी हातानं कच्चं पत्र लिहिलं. कॉलेजला कुठल्या मंडळाची मान्यता आहे, ती कुठल्या वर्षापर्यंत? परीक्षा कुणाच्या नावानं? दोन वर्षांची एकूण फी किती, त्यात काय काय धरलंय? प्रवेश सोडला तर किती परत मिळणार? शिष्यवृत्ती देतं कोण, आणि ती परत करायची अट प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनीला का सांगितली नाही? मूळ दाखले कुठल्या नियमाखाली अडवून ठेवलेत? लिहून झाल्यावर पेन थांबवून म्हणाले, "तुला काय विचारायचंय काय?"

मला वाटलं गंमत करतायत. तरी म्हणालो, "मागच्या वर्षी किती मुली पास झाल्या आणि त्यांतल्या किती जणींना काम लागलं, हे विचारता येतं काय?"

चाचांनी टेबलावर थाप मारली. शेजारच्या टेबलावरचा केरळी टायपिस्ट दचकला. "हे बघा! सातवी पास माणूस! हा प्रश्न सगळ्यात वर टाकायला पायजे होता रे!" आणि त्यांनी तो खरंच वरती, समासात बाण काढून, लिहिला.

मी वाण्याकडे फोन करून दोघींना निरोप दिला आणि पत्र फॅक्सनं तालुक्याच्या एसटीडी बूथवर गेलं. खाली चाचांनी सूचना लिहिल्या: दोन प्रती करायच्या, एकीवर पोच म्हणून शिक्का मागायचा. भांडायचं नाही, रडायचं नाही. शिक्का दिला नाही तर एक प्रत रजिस्टरनं कॉलेजला, एक प्रवेशाच्या सरकारी कचेरीला, आणि दोन्ही पावत्या खिडकीवर नेऊन दाखवायच्या.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मंगळवारी व्हॉल्व्ह उलटा बसवला. फोरमन म्हणाला, तुझं डोकं कुठाय? मी सांगणार काय? संध्याकाळी कंपनीच्या बसनं फहाहीलला गेलो. चाचा म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस? मी काय दाखले खिशात घेऊन बसलोय? जा, चहा सांग दोन." चहा संपला तरी त्यांनी मला उठू दिलं नाही.

शुक्रवारी अकराला फोन लावला. पहिल्या घंटेला मुलीनं उचलला.

"बाबा, दाखले मिळाले."

सोमवारी कारकुनानं पत्र हातात घ्यायलाच नकार दिला होता. मंगळवारी साहेब नाहीत म्हणाला. मग दोघींनी पोस्टात जाऊन रजिस्टर केलं आणि बुधवारी पावत्या खिडकीवर ठेवल्या. सरकारी कचेरीचा पत्ता वाचून कारकून उठून आत गेला. दीड तास बसवून ठेवलं आणि मग त्याच लिफाफ्यात दाखले परत. आगाऊ भरलेलं गेलं ते गेलंच. आमच्या एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही, आजपर्यंत नाही. पण गुरुवारी तिनं जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला.

मी ओरडलो, "आता ते दाखले कुणाला देऊ नको!"

"बाबा, इथं प्रवेशाला द्यावेच लागले," ती म्हणाली. "पण पावती घेतली. आणि परत कधी मिळणार तेही लिहून घेतलं."

वाण्याच्या दुकानात हसण्याचा आवाज आला. बायको हसत होती. मग तिनं फोन घेतला आणि नुसतं म्हणाली, "ऐकलंत?"

फॅक्सच्या तळाला चाचांनी आणखी एक ओळ लिहिली होती: नव्या कॉलेजात सूचना-फलक पूर्ण वाचायचा, कुठल्या सवलती आहेत ते ऑफिसात विचारायचं, बापाचं उत्पन्न खरं तेच सांगायचं. खरं सांगितल्यावर उत्पन्न मर्यादेच्या वर निघालं आणि फीची माफी आम्हाला मिळाली नाही. पण फलकावर 'कमवा आणि शिका'ची सूचना होती. ती रोज दोन तास ग्रंथालयात काम करू लागली. मला वाईट वाटलं. चाचांना बोललो तर म्हणाले, "पोरगी पुस्तकांना हात लावते आणि तू गंजक्या बोल्टांना. वाईट कुणाला वाटायला पायजे?"

त्यांना काही द्यायला गेलो तर त्यांनी रजेच्या अर्जाचे तेवढे पैसे घेतले. "तो अर्धा टाइप केला होता मी."

मुलगी पास झाली. आज एका इस्पितळाच्या औषध भांडारात आहे. तिच्या टेबलावर कुणी इंग्रजी चिठ्ठी घेऊन गोंधळलेला आला की ती त्याला सगळं वाचून दाखवते, असं बायको सांगते. मी अजून इथंच आहे, कॅम्प तेवढा बदललाय. चाचांचे डोळे अधू झाले आणि चार वर्षांपूर्वी ते कायमचे घरी गेले. त्यांच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय.

गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. घर बांधायला काढलंय, भिंती झाल्या, पण पाण्याच्या लाइनचं काम करणारा अर्ध्यात टाकून गेला. बायका अजून विहिरीवरून पाणी आणतात.

त्याचं उत्तर म्हणून हे सगळं लिहिलंय, ते त्यांनाच पाठवणार आहे. चाचा, हे पत्र तुम्हाला कुणी वाचून दाखवील तेव्हा ऐका. माझी रजा पुढच्या वर्षी आहे. माझी हत्यारं घेऊन मी आधी तुमच्या गावी उतरेन, मग माझ्या घरी जाईन. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळी लाइन मी माझ्या हातानं घालून देणार. एवढ्यानं फिटणार नाही, ते मला कळतं. बाकीचंही फेडेन कधीतरी. कसं ते अजून सुचलेलं नाही, पण फेडेन.