सकाळी आठच्या निधनवार्ता

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागतो. मराठी शाळा सातवीत सुटली, इथलं हायस्कूल अर्धवट राहिलं, आणि मोठे शब्द मला दोन्ही भाषांत येत नाहीत. अमेरिकेतल्या चँडलर गावात एका छोट्या रेडिओ स्टेशनवर मी साऊंड बोर्ड सांभाळतो. म्हणजे दुसरे बोलतात आणि मी बटणं दाबतो. मला हेच बरं वाटतं.

पण न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. आमच्या सिंकमधल्या कॉफीच्या कपांसारखे. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी धुईल. आज मी धुतो.

सगळे किस्से बार्नींचे. आमचे सकाळचे अनाउन्सर. वय सत्तरच्या पुढे. आवाज असा, की नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाले तरी आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं!

*

रेडिओच्या आधी बार्नी टीव्हीवर हवामान सांगायचे. आता अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात हवामान काय सांगणार? आज ऊन. उद्या? ऊन!

एकदा जुलैमध्ये कंटाळून त्यांनी कालचंच रेकॉर्डिंग परत लावलं आणि कॅन्टीनमध्ये जाऊन निवांत ऑम्लेट खाल्लं. अंदाज तंतोतंत बरोबर आला. फोन फक्त एका आजींचा आला. "टाय कालचाच दिसतोय. घरी सगळं ठीक आहे ना?"

नोकरी गेली. बार्नी अजून सांगतात, "लोकांना वाटतं मी हवामानामुळे गेलो. मी टायमुळे गेलो!"

*

बार्नींचे आई-वडील आयर्लंडचे. ते स्वतः शिकागोत जन्मले, पण दर मार्चमध्ये आयरिश लोकांचा सण आला की एक टीव्ही चॅनल त्यांना हिरवी टोपी घालून सोफ्यावर बसवतं. एका वर्षी निवेदिकेने विचारलं, "आयर्लंडची तुमची सगळ्यात गोड आठवण कोणती?"

बार्नी आयुष्यात एकदाच तिकडे गेलेत आणि सगळी ट्रिप सर्दीत गेली. म्हणाले, "तिथला केमिस्ट."

नंतर मला म्हणाले, "तिथे चुलतभाऊ माझी ओळख 'अमेरिकन पाहुणा' अशी करून देत होते. इथे मी आयरिश. माझं खरं गाव विमानात आहे. खिडकीची सीट."

मी खूप हसलो. घरी आईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "आणि शेजारच्या सीटवर आपण."

*

आयर्लंडमध्ये म्हणे लहान गावांच्या रेडिओवर रोज निधनवार्ता वाचतात. कोण गेलं, अंत्यविधी कुठे, किती वाजता. ऐकणारा ओळख असो-नसो, काळा सूट घालून जातो. बार्नींच्या आईला त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही. म्हणून बार्नींनी तेच चँडलरमध्ये चालू केलं. रोज सकाळी आठला.

माझं काम, आदल्या दिवशी घरच्यांना फोन करून नावाचा उच्चार विचारायचा. फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पण या फोनवर समोरचाच बोलत राहतो. आपण फक्त "हो" म्हणायचं.

आमची मॅनेजर लिंडा म्हणाली, "ब्रेकफास्टच्या वेळी मेलेली माणसं? स्पॉन्सर कोण होणार?"

स्पॉन्सर मिळाला. गाद्यांचं दुकान! पहिल्या दिवशी बार्नींनी नावं वाचली, क्षणभर थांबले, आणि त्याच आवाजात म्हणाले, "शांत झोपेसाठी..."

लिंडाने कपाळाला हात लावला. दुकानदाराने मात्र कॉन्ट्रॅक्ट वर्षभराचं केलं.

*

आमच्या महाराष्ट्र मंडळातले देशपांडे काका, रिटायर्ड इंजिनियर, एकदा स्टेशनवर आले. स्वतःची निधनवार्ता टाइप करून! फक्त तारीख रिकामी.

"अरे, त्या दिवशी मी ऐकायला नसणार ना, यार! आत्ताच चेक करून घेतो."

बार्नी खूश. असा क्लायंट त्यांना पहिल्यांदाच मिळाला. त्यांनी वाचलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. "देशपांडे परफेक्ट. पण 'प्रेमळ पती' जरा फास्ट गेलं. तिथे थांबा. मिसेस ऐकेल."

पुन्हा वाचलं.

"आता दुःख थोडं कमी करा. प्रमोशन झाल्यासारखं नको, पण इतकंही नको."

अखेर टेक ओके झाला. बार्नींनी फाइल सेव्ह केली आणि तिला नाव दिलं, 'घाई नाही'.

*

यंदा मालकांनी कॉम्प्युटर आणला. तो बार्नींच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून हुबेहूब त्यांच्याच आवाजात बोलतो. लिंडाने केक कापला आणि बार्नींना घरी बसायला सांगितलं.

"माझ्या जागी कोण?" बार्नींनी विचारलं.

"तुम्हीच!"

"मग त्याला सांग, उच्चार घरच्यांना विचारून घेत जा."

"तो विचारत नाही. त्याला माहीत असतं."

बार्नींनी केक खाल्ला नाही. जाताना खुर्चीवरची आपली उशी मात्र विसरले. बार्नी काही विसरत नाहीत. मी ती उशी तिथेच ठेवली.

*

सोमवारी आठ वाजता कॉम्प्युटरने निधनवार्तांचा फोल्डर उघडला, त्यातली 'घाई नाही' उचलली आणि बार्नींच्या आवाजात, योग्य जागी थांबून, बेताच्या दुःखात जाहीर केलं की देशपांडे काका वारले! तारखेची रिकामी जागा त्याने स्वतःच भरली होती. "आज पहाटे."

सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, त्यामुळे तासाभरात काकांच्या किचनमध्ये पिठलं-भाताच्या भांड्यांची रांग लागली. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. परतल्या तर ड्राइव्हवेत गाड्याच गाड्या. त्यांनी तिथेच हंबरडा फोडला, आणि आतून काका ओरडत होते, "अगं, मी आहे!"

मी पोचलो तेव्हा बार्नीही पोचले होते. काळा सूट, हातात सँडविचचा ट्रे. त्यांच्याकडचं पिठलं. दार काकांनीच उघडलं.

बार्नींनी ट्रे त्यांच्याच हातात दिला.

"माझ्याच आवाजात ऐकलं," बार्नी म्हणाले, "म्हणून विश्वास बसला."

"माझासुद्धा!" काका म्हणाले.

*

दुपारी लिंडाने कॉम्प्युटरला दुरुस्ती वाचायला दिली. "श्री. देशपांडे जिवंत आहेत." पण बिचारा शिकला होता निधनवार्तांवर. त्याने हे वाक्य इतक्या जड आवाजात सांगितलं, की परत फोन सुरू झाले. अंत्यविधी किती वाजता?

लिंडा मला म्हणाली, "बार्नीने स्वतः फोन केला तर मी नाही म्हणणार नाही. पण मी फोन करणार नाही."

संध्याकाळी बार्नी मला म्हणाले, "लिंडाने बोलावलं तर विचार करीन. पण मी फोन करणार नाही."

दोघांनी सांगितलं कोणाला, तर मला. जो फोनवर पिझ्झासुद्धा मागवत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच, बार्नींना स्टेशनवर न्यायला, मी त्यांच्या घरासमोर गाडी उभी केली. मागच्या सीटवर काकूंनी दिलेलं उरलेलं पिठलं होतं. हॉर्न वाजवायची मला फार लाज वाटते. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडेपर्यंत वाजवला.