डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं नाही

दादा नाटक करतोय, असं मला वाटत होतं. वाटत कसलं, मी देवाकडे तेच मागत होते.

माझा दादा जन्मापासून डाउन सिंड्रोमचा. वय पन्नाशीला टेकलेलं, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि तोरा असा की चारकोपच्या आमच्या सेक्टरचा हाच नगरसेवक. सकाळी पाणी आलं की पिंप भरायचं काम त्याचं. खालून पाव आणायचे ते त्यानेच. मालाडला अशा मुलांची एक कार्यशाळा आहे. केस पिकले तरी त्यांना मुलंच म्हणतात. तिथे तो कागदी पिशव्यांना दोऱ्या ओवायचा. आई गेल्यावर मी आमच्या जुन्या खोलीत त्याच्याबरोबर राहायला आले. 'हिला मी सांभाळतो,' असं तो शेजारीपाजारी सांगत फिरायचा.

मग गेल्या वर्षभरात त्याचं काहीतरी बिनसलं. पिंप भरून वाहायचं आणि हा बाजूला उभा राहून बघत बसायचा. शर्टावर शर्ट घालायचा. एकदा पाव आणायला गेला तो समोरच्या बिल्डिंगच्या जिन्यात रडत बसलेला सापडला. कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या, "आळशी झालाय हो. दोरी हातात घेतो आणि नुसता बसून राहतो." मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. आळशी? माझा दादा? सुट्टीच्या दिवशीसुद्धा डबा घेऊन दारात उभा राहणारा माणूस तो! बाईंनी शांतपणे सांगितलं, डॉक्टरांना दाखवा, नाहीतर आम्हाला त्याला ठेवता येणार नाही.

हॉस्पिटलात गेल्यावर कळलं की अशा माणसांना विसरण्याचा आजार फार लवकर गाठतो. चाळिशीपासूनच अधूनमधून तपासून घ्यायचं असतं म्हणे. आम्हाला कोणी सांगितलं होतं? एका मेल्याने नाही. 'असे असतातच हे' एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, स्वभावाने चांगली. तिने आधी रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, कानातला मळ काढून घेतला, डोळे तपासले. कधीकधी यातलंच काहीतरी निघतं आणि माणूस पुन्हा ताळ्यावर येतो, म्हणाली. मी दुसऱ्याच्या थायरॉइडसाठी नवस बोलणारी पहिलीच बाई असेन. पण मेलं सगळं ठीक निघालं.

"आता प्रश्न विचारू," डॉक्टर म्हणाली. "आज वार कोणता, असले प्रश्न यांच्या कामाचे नाहीत. ते यांना आधीही आलं नसतं. यांना आधी काय येत होतं आणि आता काय येत नाही, तेवढंच बघायचं."

तिने दादाच्या हातात त्याचाच रुमाल दिला. "हे काय आहे?"

"माका म्हायत नाय."

"जेवलात का?"

"माका म्हायत नाय."

"ही कोण?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. दादाने मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. "माका म्हायत नाय."

ती लिहायला लागली आणि मी किंचाळलेच, "डॉक्टर, लिहू नका! हे आमच्या आईचं काम आहे!"

मग सगळं सांगावं लागलं. पहिल्यांदा अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला नेलं होतं, तेव्हा दादा सुटलाच होता. नाव सांगितलं, शेजारणीचं भांडण सांगितलं, डॉक्टरांना 'तुमची ढेरी सुटलीय' हेही सांगितलं. साहेब खूश. 'हा तर हुशार आहे,' म्हणाले आणि अपंगत्वाचे टक्के इतके कमी लिहिले की दादा कुठल्याच सवलतीत बसेना. आई घरी येऊन कपाळ बडवत बसली. पुढच्या खेपेला बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाकीच्या आयांनी तिला शहाणं केलं. तिथे सगळ्याच जणी आपापल्या मुलांना पढवत होत्या. वर्षभर ज्या 'माझा बटणं लावतो, माझी चपात्या लाटते' म्हणून मिरवायच्या, त्याच त्या दिवशी हात जोडायच्या, की बाबा रे, आज तुला काही येऊ देऊ नको. आईने दादाला घोकवून घेतलं, "झिला, आत गेल्यार काय एक बोलू नको. डॉक्टरान काय पण इचारल्यान तरी सांगायचा, माका म्हायत नाय." दादा आईचा शब्द मोडणारा नव्हे. तेव्हापासून डॉक्टर दिसला की त्याच्या तोंडाला कुलूप.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मग मी काय समजू? येत नाही म्हणून सांगत नाहीत, की येतंय तरी सांगत नाहीत?"

जुने सरकारी कागद बघूनही उपयोग नव्हता. त्यांच्यात दादाला कधीच काही येत नव्हतं. मला पिंप आणि पाव एवढंच ठाऊक; बाकी खरं काय काय येत होतं ते आईला माहीत, आणि आई गेलेली. आई गं, काय करून ठेवलंस हे! त्याच्या भल्यासाठीच केलंस, मला कळतं. पण त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला सोडलं नसतं.

"घरी तुम्हीच विचारा," डॉक्टर शेवटी म्हणाली. "गप्पा मारता मारता. परीक्षा वाटता कामा नये."

माझा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी लसूण सोलत बसले. दादा बाजूला पाय पसरून बसला होता. सहज उचलल्यासारखी एक पाकळी धरली. "दादा, हे काय रे?"

"लसूण," तो म्हणाला.

मी सुरी पुढे केली. "आणि हे?"

"सुरी."

"आणि तिकडे वर काय फिरतंय?"

"पंखा. येवढं पण नाय कळत?"

अगं बाई! मी त्याच्या पाठीत एक धपाटाच घातला. नाटकी कुठला! तिकडे मला रडवलंस आणि इथे मलाच अक्कल शिकवतोस? मी हसत होते, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. फोन कुठे ठेवला ते शोधत होते, डॉक्टरला आत्ताच्या आत्ता कळवायचं होतं. हसता हसताच विचारलं, "आणि मी कोण रे, शहाण्या?"

तो माझ्याकडे बघत राहिला. कुलूप लावल्याचा तो चेहरा नव्हता. ओळखीचं माणूस भेटावं आणि काही केल्या आठवू नये, तेव्हा माणूस ओशाळतो ना, तसा तो ओशाळला होता. त्याने खूप प्रयत्न केला, ते मला दिसत होतं. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या. मग तो भिंतीला धरून उठला, आत गेला, आणि पाहुण्याला आणतात तसा बशीवर ठेवून पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"घ्या," तो म्हणाला. "आई बाजारात गेलीय. आता येईल. तुम्ही बसा."

मी ग्लास घेतला. तो समोर हाताची घडी घालून उभा होता, पाहुणी पाणी पितेय की नाही ते बघत. मी सगळं पाणी प्यायले.

"बरं," मी म्हटलं. "थांबते मी."