उपरण्याखालचा हात

त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लढाईच्या वर्षांत त्यानं मला बसका बैल विकला. दिसायला देखणा खिलारी, पण भरल्या गाडीला जुंपला की वाटेतच बसणारा. तो मी पुढे फलटणच्या एका ऊसवाल्याला दिला आणि त्यानं चारचौघांत माझी अब्रू काढली. मी हेडी, जनावरांचा व्यापारी. एका गाभण म्हशीवर धंदा उभा केलेला. माझ्याजवळ अब्रूशिवाय दुसरं काय होतं?

तरी आज मी जिवंत आहे तो त्याच माणसामुळे. त्याचं नवल अजून संपत नाही.

पोटाचा त्रास मला दोन वर्षं होता. छातीच्या खाली, बेंबीच्या वर, रिकाम्या पोटी निखारा ठेवल्यासारखं जळायचं. भाकरी खाल्ली की थांबायचं, दोन तासांनी परत सुरू. खिशात खायच्या सोड्याची पुडी असायची. जनावरं हाकून गुडघे धरले की डोकेदुखीच्या गोळ्या खायचो, त्याही उपाशीपोटी. त्या आतली जखम चिघळवत होत्या, हे फार उशिरा कळलं. बायको म्हणायची, "आवं, सांगलीला दाकवून या की एकदा." मी तिच्यावरच खेकसायचो. दुखणं दिसलं की भाव पडतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं. बैलाचं लपवावं तसं मी माझं लपवलं.

मग दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होऊ लागलं. घरात कारळ्याची काळी चटणी होती. मी दोष तिला दिला आणि कवठे महांकाळच्या बाजाराला गेलो.

तिथं एक बैलजोडी माझ्या मनात भरली, आणि विकणारा नेमका तोच, बसक्या बैलाचा माणूस. आमच्यात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. जितकी बोटं धरली तितका आकडा, आणि चेहरा कोरा. मी हात घातला. त्यानं आकडा दिलाच नाही, माझं मनगट धरून बसला.

"आरं, हात बर्फावानी गार पडलाय तुजा," तो मोठ्यानं म्हणाला. "आन शीर कशी पळतीया!"

उपरण्याखालचं उघड्यावर बोलणं आमच्यात शिवीसारखं. माझं डोकं फिरलं. "सौदा मोडायचा आसंल तर सरळ मोड. बसका बैल गळ्यात मारलास, आता वैदू झालास व्हय?"

भोवतीचे हसले. तो हसला नाही.

"शेण कसलं पडतंय?"

"तुज्या बैलाला इचार."

"तुला इचारतोय, गड्या. काळं?"

मी हात ओढला. त्यानं सोडला नाही.

"काळं शेण टाकणारं जनावर तू घेशील?"

"न्हाई."

"का न्हाई?"

"आत रगत झिरपत आसतंय म्हणून," मी म्हणालो, आणि माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं. जन्मभर परक्याच्या गोठ्यात मी आधी शेण बघत आलो. स्वतःचं बघून मात्र चटणीला बोल लावला.

त्यानं जोडी कुणाच्या तरी हवाली केली, मला गाडीत घालून स्टेशनावर नेलं, आणि मिरजेवरून सांगलीच्या दवाखान्यात पोचवलं. वाटेत मला चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली. त्यानं ती निरखून पाहिली आणि डॉक्टरांना सांगितली.

डॉक्टरांनी माझी पापणी खाली ओढून रंग बघितला, घड्याळ काढून नाडी मोजली आणि विचारलं, "शौचाचा रंग कसा?" मी बघतच राहिलो. हा तर आमच्यातलाच!

"जठरात व्रण आहे, त्यातून रक्त जातंय," ते म्हणाले. "पोट पुन्हा पुन्हा जळू लागलं तेव्हाच यायचं होतं. सोड्यानं कळ दबते, जखम भरत नाही. आणि काळं शौच, अशी उलटी, घेरी, गार घाम, नाहीतर पोट एकाएकी फळीसारखं कडक झालं, तर त्याच घटकेला निघायचं. बाजार उठायची वाट बघायची नाही."

तीन आठवडे पडून होतो, तासातासाला दूध. मग खडूच्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी पाजून अंधाऱ्या खोलीत फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. माझं पोट! पाण्याच्या पखालीसारखं, आणि तिच्या कडेला हरभऱ्याएवढं टेंगूळ. तोच व्रण. एवढ्याशानं मला मरायला टेकवलं होतं. मी कातड्यावरून आतलं ताडणारा, त्याचा मला केवढा तोरा. आणि इथे एक माणूस कातडं न उघडता सरळ आत बघत होता.

दोन महिन्यांनी पुन्हा बाजारात एका जोडीसाठी उपरण्याखाली त्याचा हात धरला.

"आता ऊब हाय," तो म्हणाला आणि लगेच अवाच्या सवा आकडा दिला.

"त्या बसक्या बैलाची खोड का सांगितली न्हाईस?"

"तू इचारली न्हाईस."

"पोटाचं तरी मी कुठं इचारलं हुतं?"

त्यानं उपरण्याखाली हळूच माझं एक बोट सोडलं. तेवढा भाव उतरला. त्या बैलाची भरपाई तेवढ्यानं होत नाही, तेव्हाही झाली नाही. भाव मला पटला होता, पण मी लगेच होकार दिला नाही. तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला.