अकुशल

कोळशाच्या वीजकेंद्रात तो एकतीस वर्षं टर्बाइनच्या बेअरिंगला सळई टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि कुठलं बेअरिंग कधी जाणार ते सांगायचा. इंजिनिअर आधी त्याला विचारत, मग मीटरकडे बघत.

ते केंद्र बंद झालं. व्हायलाच हवं होतं. त्या धुरानं बायकोला दमा जडला होता, त्यामुळे त्यालाही ते पटत होतं. जुन्या कामगारांना सौर प्रकल्पात घेणार होते, म्हणून तो नाव नोंदवायला गेला. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो, असं त्यानं तिथं सांगितलं.

"काका, आमच्याकडे फिरणारं यंत्रच नाही," टेबलामागची मुलगी म्हणाली. "ऐकणार काय? सौर पॅनेल पुसायला माणसं हवीत."

"पुसेन की. घरी भांडी पुसतोच."

ती हसली आणि कौशल्याच्या रकान्यात तिनं 'अकुशल' लिहिलं.

"ताई, तेवढं खोडा. दुसरं काहीतरी लिहा."

"काय लिहू, सांगा."

त्याला शब्द सापडेना. एकतीस वर्षांत त्या कामाला नाव द्यायची वेळच आली नव्हती. मागची रांग कुरकुरायला लागली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं सही केली.