पासपोर्ट माझ्याकडेच होता

माझ्या मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष मी बुडवलं. ओळखीचे लोक समजतात की ते आखाती युद्धात गेलं. मीही बरीच वर्षं तसंच सांगत आलो. युद्ध सोयीचं कारण होतं, त्याला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही.

रियाधमध्ये आम्हा मराठी कुटुंबांचं एक छोटं मंडळ आहे. दर उन्हाळ्यात बारावी झालेली मुलं कॉलेजसाठी भारतात निघतात, तेव्हा कुणाच्या तरी घरी बटाटेवडे आणि श्रीखंडाचा बेत होतो आणि चार शब्द सांगायला मला उभं करतात. मी बँकेत नोकरी करतो, लोकांसमोर अडखळत नाही आणि माझी मुलगी पुण्यात शिकली, एवढीच माझी पात्रता. मी मुलांना सांगतो की पहिल्या आठवड्यात परदेशी चॉकलेटं वाटून मित्र जोडायला जाऊ नका. चॉकलेटं संपतात आणि तुमचं नाव ‘शेख’ पडतं ते पडतंच. खोलीत बसून घरी पत्रं लिहीत राहू नका. जे कधी केलं नाही असं एक काहीतरी करा, आणि त्यात सगळ्यांसमोर फजिती होऊ द्या. माणसं तुमच्याशी बोलायला लागतात ती फजितीनंतर.

आईबाप माना डोलावतात. पण हे शहाणपण माझं नाही. मुलीने पहिल्या सहा महिन्यांत मला लिहिलेल्या पत्रांतलं आहे ते. ती पत्रं मी वाचली, जपून ठेवली आणि मग तिला फसवलं.

मी स्वतः दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज असं करून बी. कॉम. झालो. कॉलेजचं मैदान मी अंधारातच पाहिलं. मुलगी १९९० साली पुण्याला निघाली तेव्हा माझी राहून गेलेली सगळी हौस मी तिच्या डोक्यात भरली. सुट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मी पत्र द्यायचो. ‘नुसता अभ्यास करू नकोस. वर्गाबाहेरचं कॉलेज खरं. भाग घे, हरलीस तरी चालेल.’ बायको म्हणायची, “अहो, तिला जेवायला मिळतं का ते विचारा आधी.”

मुलीने माझा सल्ला अक्षरशः मानला. तिसऱ्याच पत्रात तिने कळवलं की ती खो-खोच्या चमूत जायला लागली आहे. मला ते आधी खरं वाटेना. ही मुलगी रियाधमध्ये वाढली. शाळेच्या भिंतीच्या आत कवायत केली असेल तेवढीच. तेराव्या वर्षापासून बाहेर पडताना अंगावर काळा अबाया. रस्त्यावर पळणं तर सोडाच, बसमागे झपझप चालायचाही प्रसंग तिला आला नव्हता. तिने लिहिलं होतं, ‘बाबा, पहिल्या दिवशी मी खांबाला धडकले आणि नाक फुटलं. सगळ्या हसल्या. मग एकीने तिची ओढणी फाडून नाकाला लावली. आता मी तिच्याच खोलीत राहते. बाबा, मला पळता येतं!’ ते शेवटचं वाक्य मी ऑफिसात दोन-तीनदा वाचलं होतं.

ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं. इथे पाणी, तांदूळ, दुधाची पावडर साठवण्याची धावपळ सुरू झाली. काहींनी कुटुंबं घरी पाठवली. बायकोने जायला साफ नकार दिला. “तुम्ही इथे आणि मी तिकडे रेडिओला कान लावून? जमणार नाही.”

आता इकाम्याचं सांगायला हवं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. बाहेर जाताना पासपोर्टवर एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का लागतो आणि त्याची मुदत सहा महिन्यांची. तेवढ्या वेळात परत आलं नाही तर इकामा गेला, मग मुलीलाही बापाच्या घरी येणं अवघड. म्हणून भारतात शिकणारी आमची मुलं दर सहा महिन्यांनी इथे हजेरी लावून जायची, मध्ये परीक्षा असो की लग्न असो. तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपत होती. ती फोनवर म्हणाली, “बाबा, राहू द्या ना या वेळी. तिकडे वॉर होणार म्हणतात. आणि माझ्या इंटर-कॉलेजच्या मॅचेस आहेत जानेवारीत.”

“दहा दिवस ये. शिक्का मारू, लगेच परत.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

डिसेंबरच्या शेवटी ती आली. विमानतळावर मी तिला पटकन ओळखलं नाही. केस मानेपर्यंत कापलेले, चेहरा रापलेला. पूर्वी आम्ही मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आता गाडीत बसल्यापासून ती वसतिगृहातली खणखणीत मराठी बोलत होती. “आई, काय भारी दिसतेयस गं!” बायको हसून गुदमरली. आणि मग दोन दिवस नुसतं ‘आम्ही’. आम्ही पहाटे टेकडीवर पळायला जातो, आम्ही टपरीवर पोहे खातो, आमच्या ताई म्हणतात. जेवताना आमटी वाढून घेत ती म्हणाली, “आपल्याकडे याच्यापेक्षा पातळ असते.” आपल्याकडे म्हणजे पुण्याच्या मेसमध्ये.

मला कुणीतरी ढकलून बाहेर काढल्यासारखं झालं. मीच पत्रांमधून तिला सांगितलं होतं, जा, मिसळ, रुज. ती रुजली आणि मला वाटलं, हिने आम्हाला दगा दिला. हे मी कुणाजवळ बोललो नाही. बोललो असतो तर बायकोने तिथल्या तिथे माझी टर उडवली असती आणि पुढचं सगळं कदाचित टळलं असतं.

पासपोर्ट शिक्क्यासाठी आमच्या ऑफिसच्या मंदूबकडे दिला होता. मंदूब म्हणजे सरकारी खेटे घालणारा माणूस. हा हैदराबादचा, वयस्कर, आनंदी. तिसऱ्या दिवशीच तो माझ्या टेबलाशी आला. “मुबारक हो साब, बिटिया का लग गया. खलास. अब भगाओ उसको यहाँ से, हालात ठीक नहीं.”

मी पासपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवला. संध्याकाळी घरी नेईन म्हटलं. संध्याकाळी दारात पाऊल टाकताच मुलीने विचारलं, “झालं का?” आणि मी म्हणालो, “नाही गं. अडकलंय. गर्दी आहे फार.”

हे मी ठरवून केलं नव्हतं, तोंडातून आलं. पण दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करता आलं असतं. मी उलट विमानाचं तिकीट पुढे ढकललं. मनाशी सबबी तयार होत्या. बायकोची झोप उडाली होती, मुलगी जवळ असली की ती शांत असायची. युद्ध होणारच नाही, इराकला दिलेली पंधरा जानेवारीची मुदत टळली की आठ दिवसांनी हिला पाठवू, एखाद-दुसरी मॅच बुडेल. या सबबींमध्ये थोडं खरंही होतं. पण खालचं खरं हे होतं की ती घरात होती, माझ्या घराला घर म्हणत होती आणि तिचं जाणं माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

ती रोज विचारायची. “बाबा, मी येऊ का तुमच्या मंदूबशी बोलायला? मला अरबी बरं येतं तुमच्यापेक्षा.”

“तिथे बायका जात नाहीत.”

“मग त्याला सांगा की मॅचमध्ये आमची सगळी भिस्त माझ्यावर आहे. सुरुवातीच्या पाळीत मी असते.”

“सांगतो.”

मी एवढा शांतपणे खोटं बोलू शकतो हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. एकदा तर ती मलाच धीर द्यायला लागली. “जाऊ द्या बाबा, तुम्ही तरी किती खेटे घालणार.”

जानेवारीच्या मध्यावर युद्ध पेटलं आणि रियाधची प्रवासी विमानं बंद झाली. आता मी खोटं बोलायची गरजही उरली नाही. माझ्या खोट्यावर जगाने शिक्का मारला.

ऑफिसने सांगितलं की महत्त्वाची कागदपत्रं घरी न्या. मी ड्रॉवर रिकामा करून सगळं ब्रीफकेसमध्ये कोंबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडक्यांना चिकटपट्टी लावत होतो. गॅसचा हल्ला झाला तर म्हणून सगळं गाव लावत होतं. पट्टी संपली. मी स्टुलावरून म्हणालो, “माझ्या ब्रीफकेसमध्ये एक रोल आहे बघ.”

मी स्वतः तिला तिथे पाठवलं. विसरून गेलो होतो की काय, की थकलो होतो, मला आजही सांगता येत नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात पासपोर्ट होता. शिक्क्यावरची तारीख हिजरी, अरबी आकड्यांत. बायकोला ती वाचता येत नाही. मुलगी इथल्या शाळेत ते आकडे शिकली होती. तिने बोटांवर महिने मोजले आणि पुन्हा मोजले.

“बाबा, हा शिक्का मी आल्यावर तिसऱ्या दिवशी लागलाय?”

मी स्टुलावरून उतरलो नाही.

“तुम्ही रोज सांगत होतात, अडकलंय म्हणून.”

“परिस्थिती तशी होती, बेटा. तुला एकटीला…”

“परिस्थितीचं मला विचारायचं होतं ना! मी काय बारकी आहे? ‘बाबा घाबरलेत, थांब’ म्हणाला असतात तर थांबले असते मी.” तिचा आवाज चढला नाही. “मला गंडवलंत तुम्ही. आणि मी वेड्यासारखी तुमची कीव करत होते.”

बायको माझ्याकडे बघत होती. तिलाही हे नवीन होतं. ती एवढंच म्हणाली, “माझ्यासाठी केलंत असं मात्र सांगू नका हं.” मी नेमकं तेच सांगणार होतो.

भोंगे वाजले की आम्ही तिघं त्या बंद खोलीत तोंडाला मुखवटे लावून बसायचो. युद्धाच्या त्या आठवड्यांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली, तेही पूर्वीसारखं इंग्रजीत. पास द वॉटर. टर्न इट डाउन. पुण्यात मिळवलेली भाषा तिने आईसाठी राखून ठेवली.

मार्चमध्ये ती गेली. हजेरी कमी पडली म्हणून टर्म मिळाली नाही, परीक्षेचा फॉर्मही घेतला गेला नाही. तिने पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. ज्या मुलींबरोबर नाक फोडून घेतलं होतं त्या पुढच्या वर्गात गेल्या. चमूत तिची जागा भरली होती. तिने पुन्हा मागितली नाही.

सप्टेंबरमध्ये तिच्या रीएंट्रीची मुदत संपत होती. मी तिकीट काढून पाठवलं. मुदतीचा दिवस आला आणि गेला. ती आली नाही. ते तिकीट तिने रजा संपवून इकडे परतणाऱ्या एका बाईंच्या हाती परत पाठवलं, बरोबर आईसाठी लोणच्याची बरणी. माझ्यासाठी एक ओळही नव्हती. तिचा इकामा रद्द झाला. तिने तो मुद्दाम जाऊ दिला, हे ओळखायला मला वेळ लागला नाही.

पुढची वर्षं मी वार्षिक रजेवर जायचो तेव्हा ती भेटायची. चहा करायची, तब्येत विचारायची, मी दिलेलं घड्याळ हातात घालायची. तुसडेपणा कधी केला नाही. पण मला काही विचारलं नाही, काही मागितलं नाही आणि मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. मी म्हणालो गाडी सात वाजता आहे, तर ती स्टेशनवर फोन करून खात्री करून घ्यायची. ज्याने हे ओढवून घेतलं त्याने तक्रार कुणाकडे करावी?

मी माफी मागितली नाही असं नाही. ‘त्या वेळी जे झालं ते झालं’, ‘बापाचं मन तुला पुढे कळेल’, असं काही काही मी बोललो. ती ऐकून घ्यायची आणि कप उचलून आत जायची. त्या माफ्या नव्हत्या, माझेच वकील होते.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाचा निरोप समारंभ आमच्या घरी होता. मुलं जमायला अवकाश होता. बायको पुण्याला फोनवर मुलीशी बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, “यांचं भाषण आहे आज. दरवर्षीचंच.” पलीकडून काहीतरी बोललं गेलं आणि बायकोने रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “विचारतेय, काय सांगता म्हणून.”

मी तिला ती वाक्यं सांगितली. चॉकलेटांचं, पत्रांचं, फजितीचं. ती ऐकत होती. मग म्हणाली, “ही तर माझीच पत्रं आहेत.”

“हो.”

“चांगलं सांगता. त्यांच्या आईबाबांना काय सांगता?”

“त्यांना काही सांगत नाही.”

“हं,” ती म्हणाली. “मग अर्धंच भाषण झालं की.”

बाहेर गाड्या थांबल्याचे आवाज आले. बायको दार उघडायला गेली. फोन ठेवायला मला ते निमित्त पुरेसं होतं आणि ते घ्यावंसंही वाटलं. मी म्हणालो, “थांब, ठेवू नकोस.” मग मी तिला सांगितलं, “शिक्का तिसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या हातात आला होता. मी तो तुझ्यापासून लपवला. लढाईची भीती होती, पण ती नंतर शोधलेली. तू आमच्याशिवाय सुखात होतीस आणि मला ते बघवलं नाही. आईचा यात काही दोष नाही. तुझं वर्ष मी घेतलं, तुझी माणसं मी तोडली, आणि तू माझी काळजी करत होतीस तेव्हाही मी खोटं बोलत राहिलो. मला माफ कर असं म्हणायचा हक्क मला नाही. माझं चुकलं, एवढं तुला ऐकवायचं होतं. माझं चुकलं, बाळ.”