फ्रेमबाहेरचे विलासकाका

विलासकाका गेले त्याला आज वर्ष झालं, आणि जन्मभर दुसऱ्यांची लग्नं शूट केलेल्या या माणसाचा एकही धड व्हिडिओ नाही.

कॅमेऱ्यामागचा माणूस ना. त्याचा कोण काढणार?

दिंडोशीला त्यांच्याच घरी मी एडिटिंग शिकले. सुरुवातीला मला ओ की ठो कळत नव्हतं. एक्स्पोर्ट करताना बिनधास्त सगळ्यात वरची क्वालिटी ठोकून द्यायचे.

"अगो, ही फाइल उघडूक लग्नघरच्यांका अख्खो दिवस लागतलो!"

मग काका शेजारी बसून समजवायचे. नवरा-नवरी नुसती बसलीत? बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, कमी चालेल. वरात आली? वाढव. "थंय सगळी नाचतत."

"कॉम्प्रेशन म्हणजे काय गो? काय सोडूचा नि काय ठेवूचा, ता ठरवूचा. बस."

रेंडर लावला, म्हणजे व्हिडिओ तयार व्हायला टाकला, की त्या खोलीत दुपार पसरायची. वर पंखा, लादीवर जाळीचं ऊन, स्क्रीनवर सावकाश सरकणारी पट्टी.

काका खुर्चीतच पेंगायचे. मग मीही.

अर्धवट झोपेत वाटायचं, सगळी लग्नं एकाच मांडवात लागतायत आणि आम्ही दोघं बाहेर चपलांपाशी निवांत बसलोय.

किती सुख होतं यार त्यात.

गेल्या आठवड्यात काकू म्हणाल्या, "ह्यांचो एक व्हिडिओ करून दी गो. माझ्या मोबाईलात मावतलो असो."

मी जीव ओतून केला. फोटो जोडले. एकच क्लिप मिळाली, त्यात काका खाली मान घालून जेवतायत. मागे छान संथ गाणं. फाइल लहान, तरी चेहरा एकदम क्लिअर. मनात म्हटलं, झकास.

काकूंनी शेवटपर्यंत बघितला.

"पण हे बोलतत खंय?"

काकूंनी मोबाईल खाली ठेवला.

"तोंड माका पाठ आसा गो. आवाज विसराक लागलंय."



काका तर प्रत्येक लग्नात बोलायचे. "मामा, जरा डावीकडे!" "ओ, अक्षता एवढ्यात नको!" सगळं रेकॉर्ड व्हायचं. आणि एडिट करताना आम्ही तो आवाज म्यूट करून वर गाणं चढवायचो. लग्नाच्या व्हिडिओंची रीतच ती. पार्टीने ओके दिलं की हार्डडिस्क रिकामी करायला मूळ फुटेज उडवायचं.

ते काम माझं होतं. इतकी वर्षं काकांचा आवाज मीच डिलीट करत होते.

चार दिवस सगळ्या डिस्क धुंडाळल्या. एकच लग्न सापडलं. त्या नवरीने गाण्यांची यादी शेवटपर्यंत दिली नाही, म्हणून ते एडिटच झालं नव्हतं. देव तिचं भलं करो!

हेडफोन लावले. पाठवणी चालू होती. नवरीच्या आईला रडू आवरेना, आणि अगदी जवळून काका बोलले.

तेवढाच तुकडा कापला. चित्र सगळ्यात खालच्या क्वालिटीवर टाकलं, पार चौकोन चौकोन झाले. काकांनी माझे कान उपटले असते. आवाजाला मात्र सगळ्यात वरची सेटिंग दिली.

आज दुपारी काकूंकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. मोबाईल कानाला लावला, फोन आल्यासारखा.

"रडून घ्या ताई. काय घाई नाही. मी थांबलोय."

काकूंनी डोळे मिटले.

"हां," त्या म्हणाल्या. "हे आमचे."

आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

काका, तुमची खूप आठवण येते. मनापासून नमस्कार.